सोसायटीतलं कुरण

आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी लॉन उपटलं. टँकरचं पाणी गवताला घालणं परवडत नाही, असं कमिटीचं म्हणणं. त्या जागी 'मेडो' करायचं ठरलं; देशी गवत, पाणी लागत नाही, फुलपाखरं येतात. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "लॉन आणि मेडोत फरक काय?" नवरा पेठेत वाढलेला. पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "लॉनवर चालू नये अशी पाटी असते. मेडोत पाटीच दिसत नाही."

मला हसू आलं नाही. मी लोणी काळभोरच्या शेतकऱ्याची मुलगी. मेडो म्हणजे आमचं कुरण. लॉन सतत कापतात, त्यात काही लपत नाही. कुरण दिवाळीपर्यंत राखायचं आणि एकदाच कापायचं. तोवर आत कोण राहायला येईल ते सांगता येत नाही. कमिटीत बोलून पाहिलं, तर अध्यक्ष म्हणाले, "अहो, आपण बिबवेवाडीत राहतो, जंगलात नाही."

पावसाळा संपता संपता गवत कमरेला लागलं. मी गॅलरीतून ते हलताना बघायचे आणि वारा आहे ना, याची खात्री करून घ्यायचे.

एका संध्याकाळी मुलांचा चेंडू आत गेला आणि त्याच्यामागे माझी मुलगी, अनवाणी. मी खाली बाकावरच होते. "थांब! हलू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की सगळी मुलं जागच्या जागी थबकली. शेजारच्या आजोबांची काठी मी जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि वडिलांनी शिकवलं होतं तशी जमिनीवर आपटत आत शिरले. हादरा बसला की लांबडं वाट सोडतं. डावीकडे काहीतरी सळसळलं. पोरीला उचललं आणि पळत बाहेर आले. बाकावर बसवून तिची पावलं, घोटे, बोटांच्या बेचक्या तपासल्या. काही नव्हतं.

"आत काय होतं?"

"काही नाही."

"मग काठी का आपटलीस?"

मी काठी आजोबांना परत दिली. आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ते येतं, असं मानतात. मी शिकलेली आहे, नोकरी करते, तरी ते नाव माझ्या तोंडून निघत नाही.

त्या दिवसापासून मुलगी गवतावर पाय टेकेना. शाळेच्या बागेत रडली. एका लग्नात छान कापलेल्या लॉनवर पाय वर घेऊन खुर्चीत बसून राहिली.

दिवाळीत लोणीला गेलो. वडील आम्हाला स्कूटरवरून गुरं चरतात तिकडे घेऊन गेले. गवत नखाएवढंसुद्धा नव्हतं. पोरगी स्कूटरवरून उतरेना.

"ये की खाली," वडील म्हणाले. "हे कुरण न्हाय, गायरान हाय. गुरांनी पार साफ केलंय. हितं काय बी न्हाय."

"म्हणजे पाश्चर," ती पुटपुटली. पुस्तकात तिने तो शब्द वाचला होता. मग मला म्हणाली, "आई, पाश्चरमध्ये असतं का ते?"

"ते म्हंजी काय गं?" वडिलांनी विचारलं.

तिला माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. एका शब्दाने तिची निम्मी भीती गेली असती, हे मला कळत होतं. मी तोंड उघडलं. अंगावर सरसरून काटा आला.

"चला," मी म्हणाले, "घरी जाऊ."