पूजेत मांडलेलं पुस्तक

देवराज मोहल्ल्यातला माझा हा पुस्तकवाला मित्र इतिहासाचं, राजकारणाचं प्रत्येक नवं पुस्तक आधी स्वतः वाचतो, मगच दुकानाच्या दर्शनी काचेत मांडतो. बोलताना दर वाक्याला कानडी ‘नोडी’, म्हणजे ‘बघा’, जोडतो आणि आवाज कधी चढवत नाही. चळवळीची पत्रकं वाचून वाढलेल्या मला त्याच्या या मवाळपणाचा रागच यायचा.

दसऱ्याच्या तोंडावर त्याने एका जवानाचं आत्मकथन काचेत लावलं. युद्धात आपल्याला वाटलेली भीती त्या जवानाने मोकळेपणाने लिहिली होती. शेजारचे सराफकाका भडकले. “आपण शिपायांच्या घरातले रे! हे काढ, नाहीतर मी काढतो.”

“उद्या बघू, नोडी काका.”

“घाबरलास?” मी चिडून विचारलं. तो हसून उद्याच्या पूजेची तयारी करू लागला.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या सरस्वतीपूजनात तेच पुस्तक सर्वांत वर होतं, हळदकुंकू लावलेलं. काका हात जोडून थबकले. पूजेतलं पुस्तक दशमीपर्यंत कोण हलवणार?

दशमीला पुस्तक उचलून थोडं वाचायची इथली रीत. त्याने ते काकांच्याच हाती दिलं. “थोरले तुम्हीच. एक पान वाचा, नोडी.”

काका कुरकुरत वाचू लागले. पान संपलं. आम्ही प्रसादासाठी हात पुढे केले, तर काकांनी चष्मा सारखा करून पुढचं पान उलटलं.