शेजारणीचा स्टोव्ह

रॉकेलचा वास आला की मला पंचावन्न सालचं रत्नागिरीतलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. बायकोला आठवा महिना होता. तिला माहेर नव्हतं, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच होतं, आणि आमचा जुना स्टोव्ह पंप मारला की हातभर भडकायचा. मी घराण्यातला पहिला बी.ए.; कुणाला न विचारता बाजारातून नवा स्टोव्ह घेऊन आलो. आई दारातच आडवी आली. "मूल येण्याआधी घरात नवं काही नको. तुझ्या थोरल्या भावाच्या वेळी मी सगळं नवं आणलं होतं. तो राहिला नाही." मी म्हणालो, "आणि ही भाजली तर?" तेवढ्यात कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून शेजारची खलाशाची बायको, सहा मुलांची आई, ओरडली, "वयनी, माझा वापरातला न्या, झकास चालतो. तुमचा नवा मला द्या. एवढ्यासाठी कशाला भांडताव?" आई हसलीच. तिनं शेजारणीचा स्टोव्ह पदरानं पुसून आत ठेवला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच सुनेला विचारलं, "मुलगी झाली तर नाव काय ठेवशील गो?" बायकोनं हळूच सांगितलेल्या त्या नावाला आज आमची मुलगी ओ देते.