वाडीच्या पाळीवर तरंगलेली रबरी बोट

त्या फोटोत मी हसत नाहीये. खाली नातीनं आधी लिहिलं होतं, 'आजीसुद्धा पाण्यात रमली!' रमली म्हणे. पाण्यात म्हैस रमते. ऊन डोळ्यात गेलं म्हणून माझे डोळे बारीक झालेत, आणि दात दिसतात ते चावून धरलेले आहेत. एवढ्या लोकांनी त्यावर लाल बदाम पाठवले, पण म्हातारीच्या उजव्या हातात काय आहे ते एकानंही विचारलं नाही.

आता राम राम. मी अनुसया, अश्विनीची आजी. मुक्काम बीड, लेकाकडं. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर गावात असला तर. हे पान अश्विनीचं. ती फिरते आणि इथं लिहिते. या सहलीचंही तिनं लिहिलं होतं, 'शांत नदी, मोकळं पाणी, मनाला आराम.' मी ऐकून घेतलं आणि म्हणलं, सहलीत मीबी होते, आता माझं लिही. मी कागदावर लिहिलं, तिनं इथं उतरवलं. कानामात्रा तिचा, शब्द माझे.

झालं असं. अश्विनी आणि तिचा नवरा ऋषिकेश पुण्यात नोकरीला. लग्नाला वर्ष होत आलं, पण पाण्यातले फोटो राहिले म्हणून दोघं हळहळत होती. लग्नात मंडपातले झाले, शेतातले झाले, कुणाच्या तरी घोड्यावरचे झाले, पाण्यातले राहिले. मग ठरलं की सुट्टीत कोकणाकडं जायचं, रबरी बोटीतून नदी उतरायची आणि तिथंच फोटोही काढायचे. एका दगडात दोन पक्षी. तिकडं जागा मिळाली नाही. तेवढ्यात ऋषिकेशच्या मामाचा फोन आला. मामा म्हणजे आमच्या तलावावरच्या पाणी वापर संस्थेचे चेअरमन. म्हणाले, "कोकणात काहून जाता? घरची नदी हाय की."

घरची नदी म्हणजे जिच्यात दिवाळीपासून शेळ्या बसतात. पोरं तिच्यात क्रिकेट खेळतात आणि चेंडू लांब गेला तरी ओला होत नाही. त्या नदीत बोट. मी त्याच वेळी लेकाला म्हणलं, उन्हानं चेअरमनचं डोकं फिरलंय. तरी गेले. कारण साधं आहे. माझी धाकटी बहीण शेवंता त्याच नदीच्या काठाला, तलावाच्या खालच्या वाडीत असते. लई दिवसांत भेट नव्हती. पदरचं भाडं न घालता बहीण भेटत असली तर मी बोटीतच काय, सुपातही बसून जाईन.

गफूरभाईची जीप ठरवली. गफूरभाई आमच्या गल्लीतला, तोंडाचा गोड, गाडीचा खडखड्या. पुण्याहून फोटोवाला आलेला, त्याच्या पेट्यांनी मागची सीट भरली, म्हणून मी पुढं. सकाळी बीडमधून निघालो, मांजरसुंब्याचा घाट चढलो. वर आहेत तेवढ्यातला एक बरा ढाबा बघून जेवलो. शेवभाजी तिखट, भाकरी ज्वारीची आणि गरम, ठेचा मागितला तर मिळतो. जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा की बाटलीतलं पाणी चहापेक्षा महाग पडतं आणि हात धुवायला पाणी मागू नये. मी मागितलं. पोऱ्या म्हणाला, "आजी, कागद घ्या, पाणी न्हाई." कागदानं हात पुसून उठले. पुढच्या टेबलावर एक माणूस दुसऱ्याला सांगत होता की त्यांच्याकडं पाहुणा आला तर आधी विचारतात, घरून पिऊन आलाव का.

घाटावरून केजच्या रस्त्याला लागायचं. नेकनूर गेलं की नांदूरघाटाकडं वळायचं. रस्ता कुठं गुळगुळीत, कुठं नुसती खडी. कुठं काय ते कुणाचं शेत रस्त्याला लागून आहे त्यावर. चहा नांदूरघाटातच घ्या. आम्ही तिथं थांबलो ते मात्र बोटीसाठी. चेअरमननं बोट आधीच धाडून ठेवली होती, नारिंगी रंगाची, कुणाची तरी वापरलेली. पंप नव्हता. पंक्चरच्या दुकानात ट्रकच्या हवेनं ती फुगवली. दुकानदार गफूरभाईला म्हणाला, "टायर कौनसा हाय बे हे?" गफूरभाई म्हणाला, "साहब लोगांचा. ह्यात बसून दुष्काळ बघतेत." मग ते धूड जीपच्या टपावर बांधलं आणि आमची वरात निघाली. दिसेल तो माणूस उभा राहून बघत होता. पुढच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की उद्या फाट्यावर पाटी लागेल.

तलाव बघितला. कडेनं भेगाळलेला चिखल आणि मधोमध ताटात आमटी उरावी तेवढं पाणी. संस्थेच्या हापिसाला मात्र नवा निळा रंग, समोर लाटांचं चित्र. चेअरमननं भाच्याला शाल घातली. मे महिन्यात शाल. मग बराच वेळ बोलले की संस्था आता जलपर्यटन करणार, पुण्यामुंबईचे लोक येणार, सभासदांचं भलं होणार. मीही सभासद आहे, मालकांच्या मागं त्यांचा हिस्सा माझ्या नावावर झाला. माझं भलं होणार आहे हे मला त्या दिवशी कळलं.

इथं पाळी म्हणजे काय ते सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तलावातलं पाणी शेताला कधीच बंद झालंय. उरलं ते पिण्यासाठी, ते एकेका वस्तीला ठरलेल्या दिवशी सोडतात, ती पाळी. खालच्या वाडीला पाऊस पडेपर्यंत एकच पाळी राहिली होती. ही पाळी द्यायची रीत अशी की संध्याकाळी तलावाचं दार जरासं उचलायचं आणि रात्रभर पाणी नदीच्या वाळूतून हळूहळू चालू द्यायचं. वाळू पिते आणि वाडीच्या बायकांनी वाळूत खणलेले झिरे भरतात. मग त्यातून वाटीवाटीनं पाणी काढायचं. टँकर आला तर आला, झिरा घरचा. हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक आहे.

म्हणून मी चेअरमनला विचारलं, बोटीला पाणी कुठलं? ते म्हणाले, थोडं सोडू, नदीतच जाणार, कुठं पळून जातंय? वाडीला माहीत आहे का म्हणलं, तर म्हणाले, "मावशी, समदं ठरलंय." संस्थेत हा शब्द लई चालतो. सगळं ठरलेलं असतं. कुणी ठरवलं ते कुणालाच सांगता येत नाही. रात्री हापिसातच मुक्काम, पिठलं-भाकरी होती, पिठलं बरं होतं. खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उचललं ते जरासं नाही, पुरतं. पाणी असं उधळलं जसा दावं तोडून सुटलेला गोऱ्हा. फोटोवाल्याला पांढरं फेसाळ पाणी पाहिजे होतं, मिळालं चहाच्या रंगाचं. अश्विनीनं घातला होता पांढरा झगा, मागं वावभर शेपूट. बोटीत बसायच्या आधीच शेपूट चहात बुडालं. आम्हाला जाकिटं दिली, माझ्या जाकिटाचा पट्टा तुटलेला, तो गफूरभाईनं जीपच्या दोरीनं बांधला. मी म्हणलं, बैल झाले. तो म्हणाला, "मौशी, बैलाला पोहता येतंय. तुमाला?"

आराम म्हणाल तर ऐका. बोट थोडी वाहायची आणि खडकावर बसायची. मग ऋषिकेश आणि गफूरभाई उतरून ती उचलायचे, आम्ही दोघी आत देवीसारख्या. बोटीनं आम्हाला जेवढं नेलं तेवढंच त्या दोघांनी बोटीला नेलं. फोटोवाला काठानं पळत ओरडायचा, "नॅचरल हसा!" ऋषिकेशचा पाय घसरून तो कमरेपर्यंत बसला, तोच फोटो तेवढा चांगला आला.

वाडीजवळून गेलो. काठावर बायका उभ्या होत्या, हातात घागरी. मला शेवंता दिसली. मी हात केला. तिनं केला नाही. म्हणलं, उन्हात ओळखलं नसेल.

वाडीच्या पुढं बंधारा आहे. त्याला फळ्या घालून पाणी अडवलं होतं, निवांत फोटो तिथं काढायचे होते. अश्विनीला पाण्यावर उताणं झोपवलं, केस पसरले, चेअरमननं धाडलेल्या गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. माणूस गेल्यावर करतात तसं. तेवढ्यात पाकळ्यांच्या मागून बाभळीच्या काट्या वाहत आल्या. एक, मग दुसरी, मग ढीगच. फोटोवाला म्हणाला, "आजी, तो कचरा जरा बाजूला करा, फोटोत येतोय."

मी बोटीतूनच हात घातला आणि एक फांदी धरली. फांदीला चिंधी बांधलेली होती. हिरवी, पिवळ्या काठाची.

कुत्र्या-शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून झिऱ्यावर बाभळीची काटी ठेवतात आणि काटीला आपापल्या घरची चिंधी बांधतात. चिंधी बघायची आणि ओळखायचं हा झिरा कुणाचा. दुसऱ्याच्या झिऱ्याला न विचारता हात लावायचा नाही, आणि चप्पल काठावर काढल्याशिवाय जवळ जायचं नाही. ती हिरवी चिंधी माझ्या लुगड्याची होती. मीच फाडून शेवंताला दिली होती.

तेवढ्यात फोटोवाल्यानं फोटो काढला. 'आजीसुद्धा पाण्यात रमली' तो हाच.

मी म्हणलं, "बंद करा." ऋषिकेश म्हणाला, "आजी, दोनच फोटो राहिलेत." मी म्हणलं, "फोटो घाल चुलीत. पाणी बंद कर म्हणते मी." त्यानं मामाला फोन लावला. मामा जेवत होते. दार पडेपर्यंत तलावातली आमटी संपत आली होती.

मी वाडीला चालत निघाले. अश्विनी मागं आली, ओला झगा पोटाशी गोळा करून. शेवंता नदीत बसली होती. झिरा होता तिथं नुसता गाळ, वरून साय धरल्यासारखा. पाणी आलं, झिरे बुजवले आणि पुढं बंधाऱ्यात फोटोला गेलं. शेवंतानं अश्विनीकडं वरून खाली बघितलं आणि मला म्हणाली, "कुणाची नवरी बुडवून आणलीस?"

"आपलीच हाय."

"आन् बोटीत तूच व्हतीस?"

"व्हते."

"मी आमच्या सुनंला म्हणलं, म्हातारी अनुसयासारखी दिसती. मग म्हणलं, छ्या, अनुसया आसं जाकीट घालून बसंल व्हय?"

मी चिंधी तिच्यापुढं धरली. ती म्हणाली, ठेव तुझ्याकडं, बांधायला झिरा कुठं हाय.

अश्विनीनं चपला काठावर काढल्या, करवंटी घेतली आणि गाळ उपसायला लागली. चिखल उपसून खाली चिखलच लागत होता. शेवंता बघत राहिली, मग म्हणाली की तसं न्हाई, कडंनं काढ, मधी बसंल. तेवढंच बोलली तिच्याशी.

चेअरमन आले. काठावरच उभे राहिले, पायात बूट. म्हणाले, वाडीची पाळी झाली, उलट नेहमीपेक्षा जास्तच पाणी दिलं, वाडीनं संस्थेचे आभार मानावेत. शेवंता बसल्या जागेवरून म्हणाली, "आमची पाळी तुमी खेळून घेतली. दुसरी कवा देता?" चेअरमन घड्याळ बघून म्हणाले, ते सचिवाला विचारा. सचिव मागं गाडीतच होता. त्याला विचारलं तर म्हणाला, चेअरमनला विचारा. दोघं एकाच गाडीत बसून गेले.

घरी आलो. अश्विनीनं झगा बादलीत भिजवला. आमच्याकडं नळ येतो तेव्हा गल्लीत वर्दी फिरते, मी ती बादली संडासाला ठेवली आणि झगा तसाच वाळत घातला. चहाचा रंग गेलेला नाही. जाऊही नये.

जायचं का, असं विचारणारे अश्विनीच्या फोटोखाली लई आहेत. 'जागा कुठं आहे', 'पॅकेज आहे का', 'लहान मुलांना चालेल का'. तुम्हाला पाण्यात बसायचं असेल तर जिथं पाणी आहे तिथं जा. आमच्या नदीत माणसं पाणी पितात, तेही वाटीनं. शेवंता सध्या टँकरच्या रस्त्याला उभी राहते. पाऊस लांब आहे आणि तलावात अजून एका पाळीपुरतं पाणी निघेल, दार रीतीनं उचललं तर. पुढच्या पाहुण्यांसाठी उचललं तर नाही.

काल चेअरमनचा भाच्याला फोन आला. माझा तो फोटो मोठा करून हापिसाच्या भिंतीवर लावायचाय म्हणे, लाटांच्या शेजारी. ऋषिकेश घाबरून अश्विनीला म्हणाला, फोटो काढून टाक, लिहिलेलंही नको, मामाची बदनामी होईल. अश्विनीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, फोटो राहू दे, खालची ओळ तेवढी खोड. तिनं खोडली. आता तिथं लिहिलंय, 'आजीच्या हातात शेवंताआजीच्या झिऱ्याची चिंधी.' हे इथून हलायचं नाही, शेवंताला उत्तर मिळेपर्यंत.

आणि उत्तर सचिवानं द्यायचं नाही. ऋषिकेशनं मधे पडायचं नाही, फोनवर निरोप धाडायचा नाही. चेअरमननं स्वतः वाडीला जायचं, बूट काठावर काढायचे, वाळूत उतरायचं आणि शेवंताच्या तोंडावर सांगायचं, दुसरी पाळी कधी. तिनं त्याला विचारलंय. त्यानंच सांगायचं.