भागीकाकूच्या ओव्या लाल झाल्या

ज्याने कुणी हे केलं, त्याला लाज वाटायला हवी होती. म्हाताऱ्या बाईचा आवाज चोरतं का कुणी? आणि हे मी मनातल्या मनात म्हणालो असतो तर ठीक होतं. मी म्हणालो माईकवरून, सगळ्या वाडीसमोर.

कसं घडलं तेही ऐकाच. कशेडी घाटाच्या पायथ्याशी आमची वाडी. अर्धी माणसं मुंबईत, शिमग्याला येतात, पालखी नाचवतात, जातात. मी महाडचं कॉलेज संपवून आलो ते डोक्यात एक स्वप्न घेऊन: वाडीतल्या जात्यावरच्या ओव्या कॉम्प्युटरवर जपायच्या. भागीकाकूच्या तर घशाचं ऑपरेशन व्हायच्या आधीच रेकॉर्ड केल्या. आता तिच्या गळ्यातून नुसती खरखर येते.

एकच ओवी ‘माहेर’ या विषयातही बसते, ‘पाऊस’ यातही. म्हणून विषयवार फोल्डर केले आणि त्यांत लिंका ठेवल्या. लिंक म्हणजे गाणं नव्हे, वाटेवरची पाटी: ‘भागी’ नावाच्या फोल्डरात जा, गाणं तिथे आहे.

पालखीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे समाजमंदिरात जमले. काकूचा मुलगा परशा मुंबईला निघालेला, दारात गाडी सुरूच. त्याच्या लेकीने आजीला गाताना कधी ऐकलंच नव्हतं. काकू तिचा हात धरून पुढे बसली.

बाहेर ऊन पेंगत होतं. घाटातले ट्रक लांबून मधमाश्यांसारखे गुणगुणत होते. मला दिसू लागलं: आवाज दरीभर पसरतोय, डोंगर कान देतायत, बंद घरांची कुलपं निघतायत, माणसं कायमची परत येतायत. एवढं सगळं मी एका क्लिकच्या आधी पाहिलं.

क्लिक केलं. काही नाही.

टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडून लिंकांची यादी काढली. सगळ्या लिंका लाल. लाल म्हणजे पाटी आहे, गाव नाही. तेव्हा मी माईक उचलला.

“काल मंडपवाले आत बसलेले,” कुणीतरी म्हणालं.

“देवाला कौल लावू,” देवळाचे गुरवअण्णा म्हणाले. “लगेच कळंल.”

“डिलीट झालं असंल, भाई,” परशा म्हणाला. “सोड. पुढं ट्रॅफिक लागंल.”

काकूने नातीचा हात सोडला नाही.

मी एकेक लिंक तपासली. पाटीवरचा बाण बरोबर, पुढचं नाव बरोबर: भागी. “मग भागी गेली कुठे?” मी ओरडलो.

“हितंच हाय की,” काकू खरखरली. “सकाळीच बोलले ना रे तुला, सुनेसमोर नुसतं भागी नको, नीट लिव?”

आणि मी नीट लिहिलं होतं. चहा पिता पिता फोल्डरचं नाव ‘श्रीमती भागीरथीबाई’ करून टाकलं होतं. गाणी जागच्या जागी होती. पाट्या बिचाऱ्या अजून भागीला शोधत होत्या.

माईक चालूच होता. खरं काय ते सांगितलं आणि नाव परत ‘भागी’ केलं. लाल अक्षरं आकाशी झाली. आधी जात्याची घरघर आली, मग काकूचा तो जुना आवाज. परशाने बाहेर जाऊन गाडी बंद केली. काकूचे डोळे मिटलेले, मोकळा हात मांडीवर गोल गोल फिरत होता. नातीनेही हात फिरवायला घेतला.

ओवी संपली. मग गुरवअण्णा धोतर झटकत उठले.

“चोर तर गावला,” ते म्हणाले. “आता त्याच्या नावाफुडं काय लावायचं, तेवढं ठरवा.”