म्हैस उठली म्हणून

"ॲड्रिनल क्रायसिस," डॉक्टर म्हणाले. मग माझा चेहरा पाहून त्यांनी मराठीत सांगितलं, "मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात. शरीरावर संकट आलं की सावरून धरणारं द्रव्य त्या बनवतात. तुमच्या बहिणीच्या ग्रंथींनी ते बनवणं सोडून दिलंय. बाहेरून आयतं मिळत होतं ना इतके दिवस." एवढं बोलून ते दोन पावलं पुढे गेले आणि परत आले. "हे तुम्ही मला परवा सांगायला हवं होतं."

धुळ्याच्या त्या दवाखान्यातला तो आमचा तिसरा दिवस. परवा त्यांनी विचारलं होतं, "यांना कुठलं औषध चालू होतं का?" आणि मी "नाही" म्हणालो होतो.

अक्का आता नाही. हे चार कागद लिहायला मला फार दिवस लागले. एक वाक्य लिहायचं, उठायचं, येरझाऱ्या घालायच्या, पुन्हा बसायचं, असं चाललं. तरी लिहितो आहे, कारण असं औषध घेणारं माणूस तुमच्याही घरात असू शकेल, आणि तुम्हीही माझ्यासारखेच त्याचं भलं करायला निघाल.

अक्का माझी थोरली बहीण. पारोळ्याकडच्या एका खेड्यात दाजी गेल्यापासून एकटी राहायची. मूलबाळ नाही. दोन म्हशी होत्या, त्यांचं दूध डेअरीत घालायची. माझं शाळा-कॉलेज त्याच दुधावर झालं. पुढे मी धुळ्यात एका कॉलेजात ग्रंथपाल झालो आणि तिला म्हणालो, आता माझ्याकडे राहायला ये. ती म्हणाली, "तठे मी काय करू? पुस्तकं दोहू?"

चाळिशी उलटल्यावर तिच्या बोटांची पेरं सुजायला लागली. सकाळी मूठ मिटायची नाही. मी तिला जळगावला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस. म्हणजे शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, त्यांना परकं समजतं. गोळ्या दिल्या आणि हातांना विश्रांती द्या म्हणाले. गोळ्यांनी पोटात आग पडायची. परतीच्या एसटीत अक्का खिडकीबाहेर बघत हसली. "हातले इश्रांती द्या म्हने. मंग मी म्हैसले सांगस, तुन्हं दूध तूच काढी ले."

त्याच पावसाळ्यात तिची थोरली म्हैस गुडघे सुजून गोठ्यात बसली, ती उठेना. ढोरांच्या दवाखान्यातले ड्रेसर, ज्यांना सारं गाव आप्पा म्हणायचं, सायकलवरून आले आणि त्यांनी सुई दिली. तिसऱ्या दिवशी म्हैस आपल्या पायांनी हौदावर गेली.

अक्काने ते पाहिलं. पुढचं तिने मला फार नंतर सांगितलं. आप्पा बाटली पिशवीत घालत होते, तेव्हा तिने आपले हात त्यांच्यापुढे धरले. आप्पा म्हणाले, "अक्का, हाई ढोरनं शे." ती म्हणाली, "म्हैस उठनी, मंग मी काब नही उठसू?"

बाटल्या आप्पा आणून देत, डोस तिनेच ठरवला. जनावराच्या छातीला फीत लावून वजनाचा अंदाज काढतात, हे ती वर्षानुवर्षं बघत आली होती. तिने आधी म्हशीच्या छातीला सुती दोरी लावली, मग स्वतःच्या, आणि आपल्यात म्हशीचा सातवा हिस्सा आहे असं धरलं. आठवड्यातून दोनदा मांडीत ती स्वतःच सुई घ्यायची. म्हशींना टोचायला ती आधीच शिकलेली होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिची मूठ मिटली. ती पुन्हा धार काढायला बसली. तुमच्या घरात कोणी असं काही घेत असेल तर हे आधी समजून घ्या, की ते औषध काम करतं. म्हणून तर माणूस ते सोडत नाही.

दोन वर्षं हे चाललं आणि मला पत्ता नव्हता. सुटीत गेलो की ती जरा भरलेली दिसायची. चेहरा गोल, गाल लाल. गावातल्या बायका म्हणायच्या, "अक्काले आते अन्न अंगी लागनं." मीही तसंच समजलो. हातपाय मात्र काटकुळे झाले होते आणि कुठेही थोडं लागलं की निळा डाग पडायचा. ते मी पाहिलं आणि विसरलो.

एका दिवाळीत फडताळातून मीठ काढताना बरणीमागे बाटली सापडली. रबरी बुचाची होती, चिठ्ठीवर गाय आणि घोड्याची तोंडं. खाली इंग्रजीत छापलेलं, फक्त जनावरांसाठी. नाव डेक्सामेथासोन. मी विचारलं तेव्हा अक्का लपवायच्या भानगडीत पडली नाही. म्हणाली, "तू वाचस ना एवढं? देख मंग त्यामा काय लिखेल शे."

धुळ्याला येऊन मी पाहिलं. आमच्या ग्रंथालयात औषधशास्त्राचं एक जाड पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की हे स्टेरॉइड आहे, सूज उतरवणारं जबर औषध. फार दिवस घेतलं तर हाडं पोकळ होतात, साखर वाढते, कातडी पातळ होते, चेहरा गोल होतो. प्रत्येक ओळीला मला अक्का दिसत होती. पान संपलं तसं मी पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी पकडली.

गोठ्यामागच्या उकिरड्यावर मी घरात होत्या तेवढ्या तिन्ही बाटल्या फोडल्या. अक्का दारात उभी होती. मी तिच्याकडून वचन घेतलं. "मन्ही आन घे, पुन्हा सुई घेणार नाही." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. परत येताना मला फार दिवसांनी आपण काही केल्यासारखं वाटलं.

अक्का शब्दाची पक्की होती. तिने सुई घेतली नाही.

बाराव्या दिवशी डेअरीतून कॉलेजात फोन आला. गावात फोन तेवढा एकच होता. अक्काला उलट्या होत होत्या, उभं केलं की ती पडत होती. शेजाऱ्यांनी तिला जीपमध्ये निजवून धुळ्याला आणलं.

पहिला दिवस तपासण्यांत गेला. ब्लडप्रेशर इतकं कमी की सिस्टरने दुसरं यंत्र आणून पुन्हा मोजलं. रक्तात साखर कमी, सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, तेही कमी. उलट्या-जुलाबांचे पेशंट तेव्हा वॉर्डात बरेच होते. तेच समजून सलाईन सुरू झालं. शीर सापडेना तेव्हा सिस्टर म्हणाली, "काय हो ही कातडी, कांद्याच्या सालीसारखी!" पट्टी काढताना कातडी पट्टीबरोबर आली.

तेव्हाच डॉक्टरांनी औषधाचं विचारलं. अक्काचे डोळे उघडे होते. दवाखान्याच्या दारात जीपमधून उतरवताना तिने माझा शर्ट धरून सांगितलं होतं, "कोनले सांगू नको. आप्पानी नोकरी जाई. आनि लोके हासतीन, अक्का ढोरनं औसद ले म्हनीसन." मी "नाही" म्हणालो. स्वतःला समजावलं की हे खोटं नाही. औषध चालू नाहीच, ते आपणच बंद केलं आहे. आणि खरं सांगायचं तर लाज माझीही होती. ग्रंथपालाची बहीण गुरांचं औषध टोचून घेते, हे मला त्या पांढऱ्या कोटांसमोर बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी सलाईनच्या बाटल्या बदलत राहिल्या आणि अक्का तशीच. हाक मारली तर डोळे उघडायची, पण माझ्याकडे बघायची नाही. मी व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचो. बाकावर बसलो की पाय आपोआप हलायचे. बरोबर आणलेलं पुस्तक दिवसभर एकाच पानावर उघडं होतं. शेजारच्या पेशंटची आई म्हणाली, "बसा ना भाऊ, तुमच्याकडे पाहून आम्हालाच घेरी येते." सिस्टरला मी तेच तेच विचारत होतो. ती म्हणाली, "सलाईनने प्रेशर वर यायला हवं होतं. का येत नाही, तेच साहेबांना कळत नाहीये."

तिसऱ्या दिवशी सकाळी मला तिथे थांबवेना. कॉलेजात गेलो. ग्रंथालय अजून उघडलं नव्हतं. कुलूप मीच काढलं. तेच पुस्तक घेतलं, तेच पान काढलं, आणि या वेळी पान उलटलं.

पलीकडच्या पानावर पहिल्याच परिच्छेदात होतं की हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्याने ते एकाएकी कधीही थांबवू नये. मग अक्काला होत होतं ते सगळं. अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब खाली जाणं. शेवटचा शब्द मृत्यू होता.

मी एक पान कमी वाचलं होतं.

कपाट उघडं, दार उघडं, किल्ल्या कुलपात, असा मी निघालो. रिक्षा केली की पायी गेलो ते आज आठवत नाही. डॉक्टर राउंडवर होते. चार विद्यार्थ्यांच्या घोळक्यात शिरून मी सांगितलं, मोठ्याने, की माझी बहीण दोन वर्षं म्हशीचं इंजेक्शन घेत होती आणि मी ते बंद केलं. एक विद्यार्थी फिसकन हसला. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि सिस्टरला एक नाव सांगितलं. हायड्रोकॉर्टिसोन. हेही स्टेरॉइडच, शरीर जे बनवत नव्हतं, ते शिरेतून देणं. अक्काला वाचवणारं औषध, मी उकिरड्यावर फोडलेल्या औषधाचं सख्खं भावंड होतं. मग ते माझ्याकडे वळले आणि सुरुवातीला लिहिलं ते बोलले.

दुपारी ब्लडप्रेशर चढलं. चारच्या सुमाराला अक्काने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "भूक लागनी." मग थोड्या वेळाने, "दूध कोन काढस रे?" मी शेजारणीचं नाव सांगितलं. "ती? ती तं म्हैसले घाबरस."

पुढे टेपरिंग सुरू झालं. म्हणजे माणसांच्या गोळ्या देऊन त्या महिन्यामहिन्याने अगदी थोड्या कमी करायच्या, ग्रंथी पुन्हा जाग्या होईपर्यंत. आठ महिने लागले. या काळात ताप आला, दात काढला, अपघात झाला, तर भेटेल त्या डॉक्टरला आधी सांगायचं की ही स्टेरॉइडवर आहे. मी तसा कागद लिहून तिच्या बटव्यात ठेवला होता.

गोळ्या कमी झाल्या तसे तिचे हात पुन्हा सुजले. सांध्यांसाठी दुसरी औषधं दिली, त्यांनी थोडं बरं वाटे, पण धार काढण्याइतकं नाही. म्हशी तिने शेजारणीला देऊन टाकल्या आणि माझ्याकडे धुळ्याला आली. एकदा जेवताना घास उचलता उचलता थांबली आणि म्हणाली, "तू माले वाचाडं, भाऊ. पन मना हात लई गया." रागाने नाही, सांगायचं राहिलं होतं ते सांगावं तसं.   तिला मनातून अडाणी समजणं मी त्या दिवसापासून सोडलं. तिने दोन वर्षांचे हात मिळवले होते, आणि त्याची किंमत तिला कोणी सांगितली नव्हती. ज्याला वाचता येत होतं त्याने अर्धीच वाचली होती.

चार वर्षांनी, गेल्या थंडीत, न्यूमोनियाने ती गेली. या वेळी डॉक्टरांनी विचारायच्या आधी मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी जे करायचं ते केलं.

दहाव्याला आम्ही गावी गेलो. विधी आटोपल्यावर लोक पांगले, तरी आप्पा लांब बसून राहिले होते. ते आता निवृत्त झाले होते. मी जवळ गेलो तेव्हा मला वाटलं, माफी मागतील. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सर, मी बी तेच लेस. दमा शे माले." त्यांचा गोल चेहरा मी त्या क्षणी पहिल्यांदा नीट पाहिला. "अक्कानं पाहीसन घाबरी गऊ. बंद करू का?"

"नाही," मी म्हणालो, इतक्या जोराने की दोघे-तिघे वळून बघायला लागले. "आप्पा, बंद नका करू. उद्या माझ्याबरोबर चला."

दुसऱ्या दिवशी धुळ्याला आम्ही त्याच डॉक्टरांपुढे बसलो. आप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, टोपी घातली होती, पोरगी बघायला निघाल्यासारखी. डॉक्टरांनी काय घेता म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  आप्पांनी घसा साफ केला आणि औषधाचं नाव, बाटलीचा आकार, दर आठवड्याचं माप, सगळं दवाखान्यात रजिस्टर वाचून दाखवावं तसं सांगितलं.

"किती वर्षं?"

"सहा."

"या आठवड्याचं घेतलं?"

"नाही साहेब. तुम्ही रागवाल म्हणून नाही घेतलं."

"मग आधी ते देऊ," डॉक्टर म्हणाले. "माणसाचं. बाकीचं हळूहळू बोलू."

आप्पांनी क्षणभर विश्वास न बसल्यासारखं पाहिलं, आणि मग सदऱ्याची बाही स्वतःच वर केली.