मास्क लावून टाकलेले बॉल

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. वसईत वाढलेल्या बाईला कोण शिकवणार बेसबॉल? पण ऑस्ट्रेलियात, ट्रुगानिनात राहायला आल्यावर आमच्या लेकीने शाळेत तो खेळ धरला, आणि त्यातही नेमकी अशी जागा पकडली की माझ्या जिवाला घोर. कॅचर. म्हणजे बॅट घेऊन उभ्या असलेल्याच्या मागे तोंडाला जाळी लावून उकिडवं बसायचं, पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, कुठला बॉल टाकायचा ते बोटांनी खुणावायचं आणि येईल तो झेलायचा. आपल्या विकेटकीपरसारखंच, फक्त गुडघ्यांची जास्त वाट.

त्या वर्षी राज्याच्या मुलींच्या संघाची निवड होती आणि तिच्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष. त्यात लॉकडाऊन लागला. मैदानं बंद, ट्रायल्स रद्द. निवड करणाऱ्यांनी कळवलं की घरी बॅटिंग करतानाचा व्हिडिओ पाठवा, त्यावर बघू. कोचने फोनवर मला आडपडदा न ठेवता सांगितलं. झेलण्यात तिच्याबद्दल शंका नाही, पण झेलणाऱ्या चांगल्या मुली आणखी आहेत. हिच्या बॅटमध्ये खरंच काही आहे का, पुढे जाऊन मोठ्या पिचरसमोर टिकेल का, एवढंच आता बघतील.

बॉल टाकणार कोण? नवरा दूर पश्चिमेला, कालगुर्लीच्या खाणीत इंजिनियर. एरवी ठरलेल्या सुट्टीला विमानाने घरी यायचा, पण त्या पश्चिमेकडच्या राज्याने बॉर्डर बंद केली आणि तो तिकडेच अडकला. मग राहिले मी. सकाळी घरूनच पगाराची कामं उरकायची आणि दुपारी परसात जाऊन स्पंजचे बॉल फेकायचे. आमचं परस ते केवढं, चार चटया अंथरल्या की संपलं. कुंपणापलीकडच्या पंजाबी भाभी विचारायच्या, "आज कितने मारे?" मी ऐटीत सांगायचे, सगळे.

आणि खरंच सगळे. मी जोरात टाकू दे, हळू टाकू दे, पोरगी फाडकन मारायची. माझा आनंद गगनात मावेना. फोन स्टूलवर उभा करून मी व्हिडिओ काढला आणि आधी नवऱ्याला पाठवला, मग आईला. तिथेच घात झाला. आईने वसईत अख्ख्या गावाला सांगितलं की नात ऑस्ट्रेलियाकडून खेळणार, आणि वर नोव्हेनाही, म्हणजे येशूची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू केली. आता जेजूच्या कानावर घातलेली गोष्ट मागे कशी घेणार?

नवऱ्याचा फोन आला. तरुणपणी तो गावच्या टीमचा विकेटकीपर होता, त्यामुळे त्याला वाटतं जगातली प्रत्येक बॅट त्यालाच कळते. तो म्हणाला, "हिला बॅटिंग येत नाहीये. ही तुला वाचतेय."

माझं डोकंच फिरलं. हजारो मैलांवर बसून अक्कल पाजळायला काय जातं, असं मी त्याला सुनावलं. त्याने शांतपणे व्हिडिओ पुन्हा बघायला लावला. हळू बॉल टाकायच्या आधी मी जीभ दातांत धरते. सुईत दोरा ओवताना, करंजीला मुरड घालताना धरते ना, तशीच. माझी जीभ बाहेर आली की पोरगी थांबते, नाही आली की आधीच पाय टाकते. बॉल माझ्या हातातून सुटायच्या आत तिचं सगळं ठरलेलं असतं.

मी लेकीला विचारलं. ती जराही लाजली नाही. "मम, आय वॉच पीपल. कॅचर्स डू दॅट." तिला वाटत होतं, मी मुद्दामच इशारा देते.

नवऱ्याचं म्हणणं पडलं की पुन्हा व्हिडिओ काढ, पण मास्क लावून टाक. लावला. अरे देवा, काय सांगू! तीच मी, तेच परस, तेच स्पंजचे बॉल, आणि पोरगी हवेत बॅट फिरवतेय. हळू बॉलला लवकर, जोराच्या बॉलला उशिरा. मध्येच एखादा लागायचा. काहींना तर ती बॅटच लावायची नाही, नुसती बघत उभी राहायची. मला रात्री झोप लागेना. शेवटचं वर्ष, आणि हे असं. आपला तो बाब्या म्हणून मीच भुलले होते का? पहिला व्हिडिओ गुपचूप पाठवून टाकावा असंही मनात येऊन गेलं. माझी जीभ कोण बघणार आहे?

पाठवायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी परसातच, घामाघूम होऊन बॅट टेकवत तिने विचारलं, "मम, बी ऑनेस्ट. कॅन आय हिट?"

मास्क होता म्हणून बरं, माझं तोंड तिला दिसलं नाही. हो म्हणणं किती सोपं होतं. मी म्हटलं, "नाही. अजून नाही येत."

ती आत निघून गेली. दार आपटलं नाही, तेच मला जास्त लागलं. मी तिथेच पायरीवर बसून रडले.

संध्याकाळी तिने मास्कवालाच व्हिडिओ पाठवायचा ठरवलं. मी म्हटलं, निदान ते नुसते बघत सोडलेले बॉल तरी काप, त्यात काहीच होत नाही. तिने मान हलवली. राहू दे म्हणाली. पाठवून मोकळी झाली आणि मी वाट बघत बसले. भात लागला, दूध उतू गेलं, पगाराच्या कामातही एक घोळ घातला.

काही दिवसांनी निवड करणाऱ्या बाईंचा फोन आला. लेकीने स्पीकरवर ठेवला. बाई म्हणाल्या, तिची बॅट अजून तयार नाही, संघात जागा देता येणार नाही. माझा हात आपोआप गळ्यातल्या क्रुसाकडे गेला. पण त्या पुढे बोलत राहिल्या. सोडलेले बॉल त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले होते. त्यातला एकही मारण्यासारखा नव्हता, सगळे फार बाहेरून नाहीतर फार खालून गेलेले, आणि तिने एकाच्याही मागे बॅट नेली नव्हती. वेळ साधायला शिकवता येतं, म्हणाल्या, ही नजर शिकवता येत नाही. मैदानं उघडली की सरावाच्या गटात ये, तिथून पुढचं बघू.

फोन ठेवल्यावर आईला काय सांगायचं, गावाला काय सांगायचं, सगळं डोक्यात गरगरत होतं. परसातल्या माझ्या त्या दिवशीच्या 'नाही'बद्दल सॉरी म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं.

लेक कधी मराठीत उत्तर देत नाही. आजीलासुद्धा नाही. त्या दिवशी तिने दिलं. "मम्मी, सगळे मला छान छान म्हणत होते. तू नाही म्हणालीस, म्हणून मला तो व्हिडिओ पाठवता आला."

मग तिने टेबलावरचा मास्क उचलून माझ्या हातात दिला आणि बॅट घेऊन परसात गेली.