टेकाडाची मागची बाजू

फोन आला तेव्हा मी नेरच्या बस स्टँडवर उभी होते. बाजारात सकाळपासून कापसाच्या गाड्या अडून पडल्या होत्या, त्यावर आमच्या साप्ताहिकासाठी दोन कॉलम लिहायचे होते आणि दारव्ह्याची बस लागायला वेळ होता. फोन गजाननचा होता. "ताई, अवीभाऊ गेला." मी विचारलं, कुठं? "नदीत. रेतीत. टेकाडावरून पडला." त्यावर मी इतक्या जोरात ओरडले की शेजारी उभी असलेली बाई पिशवी सावरत दोन पावलं मागं सरकली. "वर कोण उभं होतं?" मी पुन्हा विचारलं, "गजानन, टेकाडावर कोण उभं होतं?" तो म्हणाला, "कोणी नाही, ताई. एकटाच होता. हेल्मेट बी नव्हतं." फोन ठेवल्यावर मला रडू आलं नाही. राग आला. पाच आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही. हा लेखही मी तो राग घेऊनच लिहिते आहे.

अविनाश माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. काका लवकर गेले, तेव्हापासून फुलसावंगीची शेती तोच पाहायचा आणि चौकात दुचाकी दुरुस्तीचं दुकान चालवायचा. माघ सरला की पैनगंगेचं पाणी एका कडेला सरकतं आणि उरलेल्या पात्रात रेती उघडी पडते. पुरानं टाकलेली, वाऱ्यानं रचलेली टेकाडं, काही काही दोन पुरुष उंच. अवीभाऊनं भंगारात निघालेल्या चार-पाच गाड्या या रेतीसाठी तयार केल्या होत्या. मडगार्ड काढलेले, सायलेन्सर वर उचललेला. पात्रात उतरण्याआधी तो प्रत्येक टायरमधली निम्मी हवा सोडायचा, म्हणजे चाक रेतीत रुतत नाही, पसरून चालतं. रविवारी सात-आठ जण जमायचे. मित्र, मित्रांच्या बायका, कधी आमच्याच घरातली माणसं. एकदा त्यानं काकूलाही मागं बसवून टेकाडावर नेलं. काकूनं पदरावरून हेल्मेट चढवलं, दोन्ही हातांनी त्याचा शर्ट धरला आणि वर पोचेपर्यंत त्याला शिव्या दिल्या. खाली उतरल्यावर म्हणाली, "पुन्हा एकदा ने रे, मेल्या. डोळे मिटलेले होते, काहीच नाही पाह्यलं मी."

मला हे सगळं पटत नव्हतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा शाळेत कारकून, पण आमच्या दारव्ह्याच्या घरातली खरी नोकरी पत्रकांची होती. कापसाच्या भावाची, खरेदी केंद्रांची, बोगस बियाण्याची. इतर मुली भातुकली खेळायच्या त्या वयात मी पत्रकांना घड्या घालत होते. गावोगाव कर्जाची, आत्महत्यांची ती वर्षं कशी चालली होती ते या पुरवणीच्या वाचकांना मी सांगायला नको. अशा दिवसांत रेतीत गाड्या उडवायच्या? एकदा मी त्याच्या दुकानात जाऊन त्याला सुनावलंच. "अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरला, अन् तुला खेळ सुचून राह्यला?" तो चेन साफ करत होता. मान वर न करता म्हणाला, "शुभे, मोर्चाले मी बी येतो. तुह्या बापाच्या पुढं चालतो. आठवडाभर मी या चौकात लोकाईचे चेहरे पाहतो, रविवारी चार पोट्टे हसले तं तुले काय त्रास हाय वो? यावर बी पत्रक काढते का?" सगळे हसले. मी चिडून घरी आले आणि पुढच्या रविवारी स्वतः पात्रात उतरले. तिसऱ्या रविवारी त्यानं मला गाडी दिली.

माझा पाय मोडला तो दुसऱ्या वर्षी. तो पुढं होता, मी मागं. तो टेकाडाच्या माथ्यावरून डावीकडं वळला, मला वाटलं सरळ उतरला. मागच्या बाजूची रेती आदल्या दिवशी ट्रॅक्टरवाल्यांनी भरून नेली होती. उतार उरलाच नव्हता, सरळ कडा होता. पडल्यावर सगळे मला उचलायला धावले, पण अवीभाऊनं कुणाला हात लावू दिला नाही. ट्रॉलीची फळी मागवली, सगळ्यांच्या गळ्यातले दुपट्टे घेतले, माझा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत फळीला बांधला आणि मगच हलवलं. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या बांधण्यानं पाय वाचला. मांडीच्या हाडात सळई बसली. आमचं घर माडीवर, जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून चार महिने मी फुलसावंगीला काकूकडं राहिले.

त्या चार महिन्यांतला अवीभाऊ मी विसरू शकत नाही, आणि म्हणूनच त्याला माफ करणं जड जातं. डॉक्टरांनी घोट्याला वजन बांधून पाय उचलायला सांगितला होता. त्यानं जुन्या मांजरपाटाची पिशवी शिवून घेतली आणि तिच्यात नदीचीच रेती भरली. आधी अर्धा किलो, मग एक. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो खाटेशेजारी धान्य मोजायच्या पालथ्या पायलीवर बसायचा. "किती झाले?" मी म्हणायचे, दहा. "खोटी. सात झाले. तीन बाकी हायेत." मी रडायचे, त्याला हिटलर म्हणायचे. तो हलायचा नाही. "शिव्या दे, पण मोजून दे," म्हणायचा. सातचे दहा त्यानं मला एकदाही सांगू दिले नाहीत. कुबडी सुटली त्या दिवशी अंगणात माझ्यासमोर उभा राहून तो म्हणाला, "तुह्या पायाचा गुन्हेगार मी हावो. मागची बाजू न पाहता चढलो. यापुढं पाह्यल्याबिगर चाक वर जाणार नाही. आईची आन." काकू तिथंच तांदूळ निवडत होती.

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. बाबांनी दोन शब्द बदलले आणि स्वतःच छापून आणलं. टेकाडावर आधी पायी चढा, मागची बाजू डोळ्यांनी पाहा, मग हात करा. वर उभा राहिलेला माणूस शेवटची गाडी उतरेपर्यंत जागा सोडणार नाही. हेल्मेट आणि बूट असल्याशिवाय कुणी गाडीला हात लावणार नाही. आणि एकट्यानं कुणीही पात्रात उतरणार नाही. पहिल्या दिवशी "आली बाप्पा ग्रामसभा" म्हणून टवाळी झाली. अवीभाऊनं मात्र शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा हात पुढं करून ते मोठ्यानं वाचलं आणि सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. पुढं दर रविवारी तो ते वाचायचा. आयुष्यात मी पुष्कळ पत्रकं लिहिली, वाटली. त्यांतलं एक तरी कुणी पाळतं आहे, याचा मला केवढा अभिमान होता! ओळखीच्यांना मी सांगत फिरायचे, की बघा, माणसं ऐकतात.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी गजाननला चौकात गाठलं. हा अवीभाऊचा लहानपणापासूनचा मित्र. आधी जिनिंगमध्ये होता. कापूसच येईना म्हणून जिनिंग लवकर बंद व्हायला लागलं, तसा तो रेतीच्या ट्रॅक्टरवर लागला. मी विचारलं, "एकटा कधीपासून जात होता?" तो सगळं बोलून गेला. वर्ष झालं होतं. रविवारी सगळ्यांबरोबर आणि मधल्या एखाद्या वारी एकटा. कुठलं टेकाड कुठून कापलं ते गजाननला ठाऊक असायचं, म्हणून निघण्याआधी अवीभाऊ त्याला फोन करायचा. "मी सांगत होतो, हे चांगलं हाय, ते कापलं. माह्या शब्दावर जात होता." त्या सकाळीही गजानननं सांगितलं, मोठं टेकाड शाबूत आहे. आदल्या संध्याकाळपर्यंत ते शाबूत होतंही. नंतर दुसऱ्याच कुणाचा ट्रॅक्टर येऊन मागची बाजू घेऊन गेला होता, हे त्याला कळलंच नव्हतं.

"पायी चढायला किती वेळ लागतो रे?" मी विचारलं.

"दोन मिनिटं."

"मग?"

"ताई, त्याले कंटाळा नव्हता आला. रविवारी तो आमच्या सगळ्याईकडं पाहत राहे. कोण पडला, कोणाचं हेल्मेट ढिलं हाय. म्हणे, एक दिवस मले बी नुसतं चालवू दे बे."

"अन् मला का नाही सांगितलं?"

"तू रागावली असती ना."

रागावले असते. हो, रागावले असते! तो जिवंत असता आणि मी रागावले असते, एवढंच झालं असतं. मी सगळ्यांना विचारलं. प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्यांनी दर रविवारी हात पुढं करून माझ्या ओळी म्हटल्या, ते सगळे वर्षभर माझ्यासमोर गप्प राहिले. आणि ज्यानं मला तीन कमी पडलेले खपवू दिले नाहीत, तो त्या ओळी वाचून दाखवायचा आणि आठवड्याच्या मधेच एकटा निघायचा... भाऊ, तू मला फसवलंस. तुझ्याबद्दल दुसरं काहीही लिहिण्याआधी मला हे लिहायचं आहे.

चौकात त्याचा फोटो लागला आहे, खाली "साहसी" असं लिहिलंय. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "गाडी घसरली, नशीब होतं, एवढं लिही. गेलेल्या माणसाची चूक पेपरात छापते का कोणी?" मी विचार केला, खरंच केला. पण तेरवी होऊन दहा दिवस झाले नाहीत तोच मंडळी "अवीभाऊच्या आठवणीत" पुन्हा पात्रात गेली, आणि वर कुणी चढलं नाही. नशिबानं गेला असं एकदा ठरलं, की मागची बाजू पाहायची गरजच कुणाला उरत नाही. तरी मी पुरवणीच्या संपादकांना सांगितलं, काकूनं ऐकल्याशिवाय हा लेख देणार नाही. ती नको म्हणाली तर मी फाडेन. हे कबूल करताना लाज वाटते, पण फाडेन.

गेल्या शनिवारी दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात बसून तो वाचला, इथपर्यंत. ती चुलीकडं तोंड करून बसली होती, मध्ये एकदाही वळली नाही. संपल्यावर मी म्हटलं, "काकू, नको असेल तर सांग."

"कायले नको? खोटं काय हाय त्याच्यात?" ती म्हणाली. "पण अर्धंच लिवलं तू."

"अर्धं कसं?"

"रविवारी सगळे जात तवा मी पंचवीस भाकरी थापत होती. ठेचा, पिठलं, मोठ्या गंजात. अन् मधातच एखाद्या दिवशी तो म्हणे, माय, दोन भाकरी बांधून दे, उशीर होईन. दोन." तिनं दोन बोटं माझ्यापुढं धरली. "रेतीत दोन भाकरी घेऊन कोण जाते, मले समजत नव्हतं का? मी बांधून देत होती. येताना असा खुशीत ये तो, मले वाटे, राहू दे. माही आन घेतली होती त्यानं, मी तिथंच बसली होती ना. गजाननचं लिवलं, सगळ्याईचं लिवलं, मंग माहं काहून नाही लिवलं?"

मी विचारलं, "किती वेळा दिलास डबा?"

"मोजलं नाही." काकू माझ्याकडं वळली. "मोजलं असतं तं बंद करावा लागला असता."

मग तिनं वही माझ्याकडं सरकवली आणि मी तिचं हे बोलणं लिहून होईपर्यंत ती तिथंच, माझ्या हाताकडं पाहत बसून राहिली.